राजा, प्रधान आणि राणी : गंजिफा व टॅरो यांतील दरबारी पानांचा तौलनिक विचार

१

खेळाच्या पत्त्यांवरील चित्रांचा विचार दोन प्रकारे करता येतो. एका प्रकारात प्रत्येक पान स्वतंत्र चित्र मानले जाते. त्यातील मुकुट, आसन, वाहन, आयुध, वस्त्राचा रंग यांचा अर्थ लावावयाचा आणि त्या अर्थांची बेरीज म्हणजे त्या पानाचा अर्थ असे समजावयाचे. दुसऱ्या प्रकारात पान हे एका व्यवस्थेचा घटक मानले जाते. त्या व्यवस्थेत त्याच्या वर कोण, खाली कोण, त्याला कोण जिंकते आणि ते कोणाला जिंकते, हे प्रथम पाहावयाचे व चित्राकडे नंतर वळावयाचे. टॅरो पत्त्यांवरील लोकप्रिय विवेचन बहुतांशी पहिल्या प्रकारचे असते. सावंतवाडीच्या गंजिफांविषयी अलीकडे जी आस्था दिसते तीही मुख्यतः चित्रांविषयीची आस्था आहे. या दोहोंच्या संयोगातून ‘गंजिफा म्हणजे भारतीय टॅरो’ असे समीकरण सहज सुचते. दोन्हींत राजे आहेत, दोन्हींत हाताने रंगविलेल्या पानांची परंपरा आहे आणि दोन्हींत दैवी किंवा गूढ वाटणाऱ्या प्रतिमा आहेत, एवढ्यावर हे समीकरण उभे राहते.

प्रस्तुत लेखात या समीकरणाची तपासणी दरबारी पानांपुरती केली आहे. दरबारी पाने म्हणजे संख्येची पाने वगळता उरणारी राजा, राणी, प्रधान, गुलाम इत्यादी मनुष्याकृती पाने. टॅरोच्या ७८ पानांपैकी २२ पाने हुकमांची असतात. गंजिफात त्यांना जोड असे काही नाही, म्हणून ती येथे विचारात घेतलेली नाहीत. उरलेल्या ५६ पानांतील १६ दरबारी पाने आणि दशावतारी गंजिफातील २० दरबारी पाने, एवढाच तुलनेचा विषय आहे.

२

प्रथम दोन्ही दरबारांची रचना पाहू. दशावतारी गंजिफाच्या जोडात दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगात बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. पाने वर्तुळाकार असतात. प्रत्येक रंग एका अवताराचा. एक ते दहा अशी दहा पाने संख्येची व त्यांच्यावर दोन पाने दरबारी: राजा आणि प्रधान. प्रधानालाच वजीर असेही म्हणतात. मोगल गंजिफात रंग आठ व पाने ९६, परंतु प्रत्येक रंगाची घडण हीच.

टॅरोत रंग चार: दंड, चषक, तलवार आणि नाणे. प्रत्येक रंगात दरबारी पाने चार: राजा, राणी, घोडेस्वार सरदार आणि राजवाड्यातील किशोरवयीन सेवक. शेवटच्या दोहोंसाठी मराठीत शिलेदार व हुजऱ्या हे शब्द त्यातल्या त्यात जवळचे आहेत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा बाळगणारा स्वार. ही छटा युरोपीय शब्दाशी पुष्कळशी जुळते. हुजऱ्या हा धन्याच्या हुजुरात असणारा सेवक. पण मूळ शब्दातील कोवळ्या वयाची सूचना त्यात नाही. ही उणीव लक्षात ठेवून हे दोन शब्द पुढे वापरले आहेत.

दोन्ही दरबारांचे पूर्वरूप कसे असावे याची कल्पना देणारा एक जोड इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. ईजिप्तच्या मामलूक काळातील या जोडाचा परिचय एल. ए. मायर यांनी १९३९ साली करून दिला. त्याच्या दरबारी पानांवर एकही मनुष्याकृती नाही. पदनामे मात्र लिहिलेली आहेत: मलिक, नायब मलिक आणि दुसरा नायब. राजा, त्याचा प्रतिनिधी आणि त्या प्रतिनिधीच्या खालचा प्रतिनिधी, अशी ही श्रेणी आहे. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना जो ‘नाइपे’ शब्द आहे त्याचा संबंध या नायबाशी जोडला जातो. सोलापूरच्या तहसील कचेरीत नायब तहसीलदाराच्या नावाची पाटी वाचणारा मनुष्य तोच अरबी शब्द वाचत असतो. मराठीत तो अधिकारपदाचा वाचक म्हणून टिकला, स्पेनमध्ये खेळाचे नाव होऊन राहिला.

या जोडावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दरबारी पान म्हणून ओळखले जाण्यास चित्राची आवश्यकता नाही. तेथे पदच अर्थ देते. युरोपात व भारतात त्या पदांना चेहरे मिळाले, आणि चेहरे मिळताना पदांची संख्या व नाती बदलली. युरोपातील बदलांपैकी सर्वांत महत्त्वाचा म्हणजे राणीचा प्रवेश.

३

टॅरोचा उगम १५व्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत झाला. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा घराण्यांसाठी रंगविलेले जोड त्याचे आरंभीचे नमुने होत. त्यांपैकी एका जोडात प्रत्येक रंगाला सहा दरबारी पाने होती. शिलेदार व हुजऱ्या यांना स्त्रीरूप जोडीदारही होते. पुढे ही संख्या चारवर स्थिरावली आणि स्त्रीरूपांपैकी एक राणी तेवढी उरली.

राणी आली म्हणजे एक पान वाढले, एवढेच घडत नाही. राजा आणि दोन अधिकारी अशी श्रेणी असते तेव्हा तिचा अर्थ कारभाराचा असतो. त्या श्रेणीत राजाच्या लगत राणी बसली की राजा हा पती होतो. खालचे दोघे तरुण पुरुष मग या दांपत्याच्या घरातील व्यक्ती भासू लागतात. एक वयात आलेला आणि घराबाहेर पडणारा, दुसरा अजून किशोर. राज्याची श्रेणी कुटुंबाची श्रेणी होते. हुजऱ्याच्या चित्रात तसूभरही बदल न करता त्याचा अर्थ बदलतो, कारण त्याच्या वरचे नाते बदललेले असते. फेर्दिना द सोस्यूर यांनी भाषेला बुद्धिबळाची उपमा देऊन हेच तत्त्व मांडले होते. सोंगटी कोणत्या लाकडाची आहे हे गौण. इतर सोंगट्यांच्या संदर्भात तिला कोणते मूल्य आहे हे महत्त्वाचे.

टॅरोचे भविष्यकथनातील अर्थ या कौटुंबिक श्रेणीवरच वाढले. हे अर्थ प्राचीन नाहीत. टॅरो हा आधी साडेतीन शतके खेळ म्हणूनच चालला. कूर द जेबलँ यांनी १७८१ साली त्याचे मूळ ईजिप्तच्या प्राचीन विद्येत असल्याचे प्रतिपादन केले. त्याला पुरावा नव्हता. पाठोपाठ ‘एत्तेला’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच ज्योतिषाने पानांचे फलित छापून प्रसिद्ध केले. १९व्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील गुह्यविद्येच्या एका मंडळाने चार रंगांची सांगड अग्नी, जल, वायू व पृथ्वी या तत्त्वांशी घातली. आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेला जोड १९०९ साली लंडनमध्ये निघाला, आणि आज जगभर ‘टॅरो’ म्हणून जे बहुधा डोळ्यांसमोर येते ते याच जोडाचे रूप होय. भाषेच्या तत्त्वज्ञानात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या मायकेल डमेट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणून असलेला इतिहास सविस्तर मांडला आणि गूढार्थ हा नंतरचा थर असल्याचे दाखवून दिले.

४

स्मिथ यांच्या सोळा दरबारी चित्रांची योग्यता मात्र यामुळे कमी होत नाही. त्यांत एक बांधेसूद पद्धती आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर रंग हा धातू आहे आणि पद हा प्रत्यय. चार धातूंना चार प्रत्यय लावून सोळा रूपे सिद्ध होतात. दंड म्हणजे उत्साह, चषक म्हणजे भावना, तलवार म्हणजे बुद्धी, नाणे म्हणजे ऐहिक संपदा. हुजऱ्या म्हणजे आरंभ किंवा वार्ता, शिलेदार म्हणजे गती, राणी म्हणजे अंतर्मुख परिपक्वता, राजा म्हणजे बहिर्मुख अधिकार. तलवारीचा शिलेदार वाऱ्याने झाडे वाकलेल्या माळावरून घोडा भरधाव फेकतो. नाण्याच्या शिलेदाराचा काळा, जाडजूड घोडा जागचा हलत नाही. पद एकच, परंतु धातू बदलल्याने गतीचा प्रकार बदलला. चषकाच्या हुजऱ्याच्या पेल्यातून एक मासा डोके वर काढून त्याच्याकडे पाहतो, तर चषकाच्या राजाचे सिंहासन खवळलेल्या समुद्रावर तरंगते. कोवळ्या मनाला भावना कुतूहलाची गोष्ट वाटते. प्रौढ मनाला तिच्यावर आसन स्थिर ठेवावे लागते. दंडाच्या राणीपाशी काळे मांजर व सूर्यफूल आहे, नाण्याच्या राणीच्या चित्रात कोपऱ्यात ससा आहे. ही गौण चिन्हेच पानाला व्यक्तिमत्त्व देतात.

या पद्धतीचा कस तलवारीच्या राणीपाशी लागतो. ती एका बाजूला तोंड करून बसलेली असून तिच्या उजव्या हातात सरळ उभी तलवार आहे आणि डावा हात पुढे उचललेला आहे. चित्र म्हणून पाहिले तर निवाडा करणारी, करारी स्त्री दिसते. परंतु तिचा परंपरागत अर्थ वैधव्य व दुःख असा दिला जातो आणि वेट यांनीही तो कायम ठेवला आहे. तलवारीच्या राजाला मात्र न्याय, आज्ञा, अधिकार हे अर्थ मिळतात. त्याला कोणी विधुर म्हणत नाही. आयुध तेच, आसन तसेच, तरीही एकाचा अर्थ कर्तृत्वातून आला आणि दुसरीचा पतीच्या अभावातून. हा भेद चित्रात शोधून सापडणार नाही. तो ‘राणी’ या पदात आहे. कुटुंबरूप दरबारात राणी ही राजाच्या नात्याने राणी असते. म्हणून तिच्या हाती तलवार आली की भाष्यकाराला प्रथम राजा कोठे गेला हा प्रश्न पडतो.

५

आता गंजिफाकडे वळू. हिंदुस्थानात या खेळाचा जुना उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तात येतो. सिंधमधील शाह हसनला हा खेळ फार आवडे, म्हणून त्याला बाबराने १५२७ साली गंजिफा पाठविला. १६व्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्ल याने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे जे वर्णन केले आहे ते दरबारी पानांच्या अभ्यासाच्या दृष्टीने बहुमोल आहे. त्यात आधी बारा रंगांचा एक जोड वर्णिला आहे. प्रत्येक रंगाचा राजा निराळ्या बळाचा स्वामी: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती इत्यादी. अश्वपती दिल्लीच्या बादशहासारखा, गजपती ओरिसाच्या राजासारखा, आणि ज्याचे बळ पायदळात आहे तो नरपती विजापूरच्या सुलतानांसारखा, असे अबुल फज्ल सांगतो. सोलापूरच्या किल्ल्यासाठी ज्या आदिलशाहीने अहमदनगरच्या निजामशाहीशी वारंवार झुंज घेतली तीच ही सत्ता. शेजारच्या राज्याचे सामर्थ्य कशात आहे याची एका पानात केलेली ही नोंद आहे. येथे रंग हा स्वभावाचा वाचक नसून सत्तेच्या साधनाचा वाचक आहे.

प्रत्येक राजाजवळ वजीर आहे आणि दोघांची कामे वेगळी आहेत. धनपतीच्या पानावर राजा सिंहासनावर असून त्याच्यापुढे सोन्यारुप्याच्या राशी आहेत. वजीर खालच्या आसनावर बसून खजिन्याचा हिशेब घेतो. याच जोडातून अकबराने सिद्ध केलेल्या दुसऱ्या प्रकारात तलवारीच्या रंगाचा राजा तलवारीचे पाते पारखून पाहतो आणि वजीर शस्त्रागाराची तपासणी करतो. सनदांच्या रंगात राजा फर्माने पाहतो, वजिरापुढे दफ्तर उघडलेले आहे. एकाकडे दान, आज्ञा, निवड. दुसऱ्याकडे मोजदाद, नोंद, देखरेख. राज्यकारभार ज्या श्रमविभागावर चालतो तो येथे दोन पानांत मांडलेला आहे.

धनपती आणि टॅरोतील नाण्याचा राजा यांची तुलना म्हणूनच उद्‌बोधक ठरते. स्मिथ यांच्या चित्रात राजा द्राक्षवेलींनी वेढलेल्या आसनावर बसला आहे, आसनावर बैलांची मस्तके कोरलेली आहेत आणि नाणे त्याने स्वतःच्या हातात धरले आहे. त्याची राणी मांडीवरील नाण्याकडे एकाग्रतेने पाहत आहे. दोघांपैकी कोणीही काही मोजत नाही, कोणी काही देत नाही. संपत्ती त्यांच्या जीवनाचा भाग झालेली आहे. धनपतीच्या दरबारात संपत्ती ही सार्वजनिक गोष्ट आहे. तिचा हिशेब ठेवावा लागतो आणि हिशेब ठेवणारा राजाहून निराळा असावा लागतो. एकाच विषयावरील या दोन चित्रांतून संपत्तीविषयीच्या दोन भिन्न कल्पना व्यक्त होतात, आणि त्या भिन्नतेचे मूळ दुसऱ्या पानावर राणी आहे की वजीर यात आहे.

हे मूळ किती खोल आहे याचा निर्णायक पुरावा अबुल फज्लच्याच वर्णनात सापडतो. बारा रंगांपैकी एक रंग स्त्रियांचा आहे. त्याच्या राजाच्या पानावर सिंहासनस्थ राणी आहे आणि वजिराच्या पानावरही स्त्रीच आहे. म्हणजे गंजिफात स्त्रीप्रतिमा आली तरी ती राजाची पत्नी म्हणून दुसऱ्या क्रमांकावर बसली नाही. ती राजपदावर बसली, आणि तिच्या खाली दुसरी स्त्री वजीरपदावर बसली. चित्र बदलले, व्यवस्था बदलली नाही. उलट व्यवस्थेनेच नव्या चित्राला आपल्या साच्यात घेतले. टॅरोतील तलवारीची राणी आणि या रंगातील सम्राज्ञी या दोघी चित्रदृष्ट्या परस्परांच्या भगिनी शोभतील. अर्थदृष्ट्या त्यांच्यात काही साम्य नाही.

६

दशावतारी गंजिफात हे तत्त्व आणखी शुद्ध रूपात आढळते. सावंतवाडी संस्थानात हा खेळ १८व्या शतकात तेलंगणातून आलेल्या पंडितांमार्फत रुजला, अशी परंपरा सांगितली जाते. तेथील चितारी मंडळींनी ही पाने रंगविण्याची कला जोपासली. ती नष्ट होण्याच्या मार्गावर असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यातच तिचे पुनरुज्जीवन केले.

या जोडात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे तो अवतारच. मग प्रधान कोण? पुष्कळ जोडांत प्रधानाच्या पानावरही तोच अवतार असतो. मांडणी, परिवार, आसन किंवा वाहन यांच्या फरकाने तो राजाहून वेगळा ओळखावयाचा. ज्याला केवळ चित्राचा अर्थ लावावयाचा आहे त्याची येथे अडचण होते. रामाचा प्रधान रामच असेल तर या दोन पानांचे ‘स्वभाव’ भिन्न कसे सांगावयाचे? चित्राला विचारून याचे उत्तर मिळत नाही. खेळाच्या नियमांना विचारले की ते तत्काळ मिळते. दहा रंगांपैकी पाच रंगांत दश्शी ही संख्येच्या पानांत सर्वांत वरची व एक्का सर्वांत खालचा. उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा होऊन एक्का प्रधानाच्या लगत येतो आणि दश्शी तळाशी जाते. संख्येच्या पानांचा क्रम असा फिरतो, परंतु राजा व प्रधान यांचा क्रम कोणत्याही रंगात फिरत नाही. राजाचे पान पडून गेले की त्या रंगात प्रधानावर मात करणारे काही उरत नाही. तोपर्यंत त्याचे सामर्थ्य सुप्त असते. प्रधान म्हणजे राजाच्या अनुपस्थितीत चालणारी राजसत्ता, हा त्याचा अर्थ. तो डाव मांडला की प्रत्ययाला येतो. पान नुसते हातात धरून पाहिल्याने येत नाही. मराठी मुलखाच्या इतिहासात ज्यांनी साताऱ्याचे छत्रपती व पुण्याचे पेशवे यांचे नाते अभ्यासले आहे, त्यांना या नियमाचे मर्म निराळे सांगावयास नको.

चित्र बदलले तरी स्थान टिकते, याची साक्ष दशावताराच्या प्रतिमाही देतात. बंगालमधील बिष्णुपूरच्या पत्त्यांत बुद्धाच्या रंगाचा राजा जगन्नाथाच्या रूपात रंगविला जातो. महाराष्ट्रात व गोव्यात काही देवळांच्या शिल्पांत आणि पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी पंढरपूरचा विठ्ठल दिसतो. बुद्ध, जगन्नाथ आणि कटीवर कर ठेवून उभा असलेला विठ्ठल यांच्या रूपांत काही साम्य नाही. तरीही दशावतारांच्या मालिकेत ते एकमेकांची जागा घेऊ शकतात, कारण तेथे अर्थ जागेचा असतो.

खेळ आरंभ करण्याच्या नियमातही हीच दृष्टी आहे. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतारी करावयाची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेल्याने. सूर्यवंश व चंद्रवंश यांचा संकेत येथे स्पष्ट आहे. भविष्य सांगण्याशी त्याचा संबंध नाही; डावात पहिला अधिकार कोणाचा, एवढेच तो ठरवितो.

७

मराठी भाषेने या दोन दरबारांना कशी नावे दिली हे पाहिले म्हणजे वरील भेदाला भाषेचीही पुष्टी मिळते. बावन पानी पत्ते आले तेव्हा त्यांतील तीन दरबारी पानांना राजा, राणी व गुलाम ही नावे मिळाली. सोलापुरात दखनी-उर्दू बोलणारा खेळाडू त्यांनाच बादशाह, बेगम व गुलाम म्हणतो. वरच्या दोन पदांची नावे प्रत्येकाने आपापल्या भाषेतून घेतली. तिसरे मात्र दोघांत समान राहिले. गुलाम हा अरबी शब्द मुळात मुलगा किंवा तरुण या अर्थाचा आहे. इंग्रजीत या पानाला असलेले ‘नेव्ह’ हे जुने नावही मूळ मुलगा याच अर्थाचे. दोन्हीकडे मुलगा या अर्थापासून चाकर या अर्थापर्यंतचा प्रवास झाला. टॅरोच्या हुजऱ्यात मुलगेपण शिल्लक आहे, म्हणून आरंभ, कोवळेपणा, वार्ता हे अर्थ त्याला चिकटू शकले. मराठी गुलामात ते उरले नाही. गुलामचोर या खेळात जो गुलाम शेवटी हातात राहतो तो कोणाला बालक वाटत नाही. शिवाय मोगल गंजिफात ‘गुलाम’ हे एका संपूर्ण रंगाचे नाव आहे. त्या रंगालाही राजा आहे आणि वजीर आहे. एकच शब्द एका खेळात पद होतो आणि दुसऱ्यात रंग.

याहून बोलके उदाहरण बुद्धिबळाचे आहे. राजाशेजारच्या सोंगटीला अरबी-फारसी परंपरेत मंत्र्याचे पद होते. युरोपात तिची राणी झाली आणि १५व्या शतकाच्या अखेरीस तिला पटावरील सर्वांत मोठे बळ मिळाले. मराठी खेळाडू आज युरोपीय नियमांनी खेळतो, ती सोंगटी त्याच नव्या चालीने चालवितो, आणि तिला वजीरच म्हणतो. पत्त्यांत राणी म्हणणारा तोच मनुष्य पटावर वजीर म्हणतो व त्याला यात विसंगती वाटत नाही. पटावर वजिराची जागा आधीपासून भरलेली होती. नव्या पत्त्यांत तशी कोणतीही जागा भरलेली नव्हती. गंजिफात वजिराला प्रधान हे नाव मिळाले तेव्हाही जागा तीच राहिली. शिवकाळात फारसी पदनामांच्या ठिकाणी संस्कृत पदनामे योजण्याचा जो उपक्रम झाला त्याचीच ही जात आहे: अधिकार कायम ठेवून नाव बदलणे. प्रधानाचे राणी असे भाषांतर मात्र गंजिफा खेळणाऱ्यांनी केले नाही. तसे करणे म्हणजे नाव बदलणे नव्हते, दरबारच बदलणे होते.

८

येथवरच्या विवेचनानंतर ‘गंजिफा म्हणजे भारतीय टॅरो’ या समीकरणाचे मूल्यमापन करता येईल. इतिहासदृष्ट्या ते निराधार आहे, कारण टॅरोचे भविष्यकथन हे १८व्या शतकातील फ्रान्सचे अपत्य आहे आणि गंजिफाच्या नियमांत त्याला स्थान नाही. परंतु त्याचा खरा दोष पुढे आहे. या समीकरणानुसार गंजिफाचे अर्थ लावू लागले की प्रधानाला राणीच्या किंवा शिलेदाराच्या खणात बसवावे लागते आणि अवतारांना स्वभावधर्म वाटून द्यावे लागतात. असे अर्थ मोहक होतील, खपतीलही. पण ते गंजिफाचे नसतील. दुसऱ्याचे व्याकरण आपल्या शब्दांवर लादल्याने भाषा समृद्ध होत नाही, तिची वाक्ये मात्र मोडतात.

युरोपाकडे पाहिले तरी हाच बोध होतो. फ्रान्समध्ये टॅरो अद्याप खेळला जातो. त्या खेळात राजाला साडेचार, राणीला साडेतीन, शिलेदाराला अडीच व हुजऱ्याला दीड गुण असतात. तेथील खेळाडूच्या हाती राणी आली तर त्याला वैधव्य आठवत नाही. साडेतीन गुण दिसतात. टॅरोला गूढार्थाचा थर चढला तरी खाली खेळ जिवंत राहिला, म्हणून दोन्ही अर्थ वेगळे करून पाहणे डमेट यांना शक्य झाले. गंजिफाच्या बाबतीत खाली खेळ उरला नाही आणि वर उसना अर्थ चढला, तर पुढील अभ्यासकाला वेगळे करावयास काही शिल्लक राहणार नाही.

सावंतवाडीचे जोड आज विकत घेतले जातात, चौकटीत लावले जातात, संग्रहालयांत मांडले जातात. रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या संग्राहकाने त्यांकडे जगाचे लक्ष वेधले. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि चित्रे जतन झाली म्हणजे गंजिफा जतन झाला असे होत नाही. ज्या लिपीची भाषा लोपली आहे तिची अक्षरे कितीही सुबक असली तरी वाचता येत नाहीत. प्रधानाच्या पानाचे तसेच आहे. त्याचा अर्थ खेळाच्या नियमात आहे, आणि नियम खेळणाऱ्यांच्या बोलण्यात आहेत: उतारीच्या शब्दांत, क्रम उलटण्याच्या संकेतांत, पानांना दिलेल्या नावांत. म्हणून चित्रांच्या सूचीइतकीच या बोलीची नोंद आवश्यक आहे. सावंतवाडी, ओरिसा, बिष्णुपूर येथील खेळाची परिभाषा मराठी, ओडिया व बंगाली खेळाडूंच्या तोंडून शब्दशः टिपून घेणे, ती मोगल गंजिफाच्या फारसी परिभाषेशी ताडून पाहणे आणि प्रत्येक शब्दाबरोबर तो ज्या चालीत वापरला गेला ती चाल लिहून ठेवणे, हे भाषाशास्त्राच्या कक्षेतील काम आहे. ते झाले तर दरबारी पानांच्या तुलनेला चित्रांपलीकडचा आधार मिळेल, आणि राजाच्या शेजारी प्रधान का बसला व राणी का बसली नाही हे पुढच्या पिढीला डाव मांडून पाहता येईल.